सामायिक विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा गट : तो आणखी एक समिती होऊ नये म्हणून काय करावे?

लंबक

आमचे महाविद्यालय तालुक्याच्या ठिकाणी आहे. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखा एकाच आवारात चालतात आणि मी पदार्थविज्ञान शिकवतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची नवी रचना संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली आणि मुख्य विषयाच्या बाहेरचे मुक्त ऐच्छिक, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षमता संवर्धन असे अनेक विषय एकदम आले. ते आम्ही सर्व विभागांनी वाटून घेतले. 'वाटून घेतले' हे जरा उदारपणे म्हणतो आहे. खरे तर ज्याचा कार्यभार कमी भरत होता, त्याच्या वेळापत्रकात ते बसवले गेले. मुक्त ऐच्छिक विषय विद्यार्थ्याने स्वतःच्या विद्याशाखेच्या बाहेरचाच घ्यायचा असल्यामुळे वाणिज्य शाखेचा एक भला मोठा वर्ग आता माझ्यासमोर बसतो आणि माझी बीएस्सीची मुले त्याच वेळी पलीकडच्या इमारतीत अर्थशास्त्राची तोंडओळख करून घेत असतात.

गेल्या सत्रात एक विद्यार्थिनी मला म्हणाली, "सर, आलेख आम्हाला आतापर्यंत तीन जणांनी शिकवला, आणि तिघांनीही पहिल्यापासून." मी चौकशी केली तेव्हा गोष्ट याहूनही बिकट निघाली. जी राशी आपण बदलतो ती आडव्या अक्षावर आणि तिच्यामुळे जी बदलते ती उभ्या अक्षावर घ्यावी, असे मी सांगतो. वाणिज्यची मुले मात्र मागणीचा वक्र काढताना किंमत उभ्या अक्षावर घ्यायला शिकून आलेली असतात, कारण त्यांच्या पुस्तकात ती तशीच असते. मी वर्षभर त्या मुलांचे अक्ष उलटे म्हणून गुण कापत होतो आणि माझ्यापासून वीस पावलांवर बसणाऱ्या अर्थशास्त्राच्या मॅडमना त्याचा पत्ताही नव्हता.

प्राचार्यांनी आता हे सामायिक विषय शिकवणाऱ्या सर्वांची 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस' (एकच काम करणाऱ्यांनी एकमेकांकडून शिकण्याचा गट) स्थापन करावी असे पत्र काढले असून समन्वयक म्हणून माझे नाव घातले आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही अशाच हेतूने व्हॉट्सअॅपवर एक गट केला होता. त्यात आता वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि शासन निर्णयांच्या पीडीएफ एवढेच येते. तेव्हा ज्यांनी असा गट प्रत्यक्ष चालवला आहे त्यांना विचारतो की, अभ्यासक्रम विद्यापीठाने ठरवून दिलेला असताना आपल्या हातात नेमके काय उरते, आणि बैठकीत करायचे तरी काय?

उंबरठा

लंबक सर, मी अर्थशास्त्र शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, त्यामुळे आधी तुमच्या त्या अक्षांविषयी. किंमत उभ्या अक्षावर घेण्याची प्रथा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्या मांडणीतून रूढ झाली. बाजारात अमुक इतका माल आला तर तो कोणत्या किमतीला खपेल, असा त्यांचा प्रश्न होता, म्हणजे प्रमाण आधी आणि किंमत नंतर. पुढे पाठ्यपुस्तकांनी प्रश्न उलटा केला, 'किंमत बदलली तर मागणी किती बदलेल' असे विचारायला सुरुवात केली, पण आकृती मात्र जुनीच ठेवली. तुमच्या वर्गातली मुले चुकत नव्हती आणि तुम्हीही चुकत नव्हता. हे मुलांना सांगण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती. गटाची पहिली बैठक एवढ्या एका गोष्टीवर घ्या, असा माझा आग्रह राहील.

आमच्या महाविद्यालयात (ते स्वायत्त, म्हणजे आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवणारे होते, हा फरक ध्यानात ठेवावा) आम्ही सहा जणांनी असा गट चालवला. पहिल्या तीन बैठका फुकट गेल्या, कारण त्यांत आम्ही आंतरविद्याशाखीयता म्हणजे काय यावर बोलत होतो आणि प्रत्येकाला आपापला विषय सर्वांना जोडणारा वाटत होता. चौथ्या बैठकीला रसायनशास्त्राच्या मॅडमनी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाचा क्षेत्रीय प्रकल्प आणला, त्याच्या गावच्या पाणीपुरवठ्यावरचा. मुखपृष्ठावर इंटरनेटवरून घेतलेले कुठल्याशा धरणाचे रंगीत चित्र होते, आत मात्र त्याने स्वतः बॉलपेनने आखलेला तक्ता होता : घर, माणसे, दिवसाचे हंडे. पहिल्याच ओळीत पाच माणसांच्या घराला चौदा हंडे होते.

गणिताच्या सरांनी विचारले, "हंडा म्हणजे किती लिटर?" आम्ही सहा जण शिकलेसवरलेले आणि बहुतेक खेड्यांतूनच आलेले, पण कोणी बारा म्हणाले, कोणी पंधरा, तर मी वीस. शेवटी शिपाईमामांनी उपाहारगृहातला हंडा आणला आणि प्रयोगशाळेतल्या मोजपात्राने आम्ही तो भरला. तो पंधराला थोडा कमी भरला. पंधरा धरला तर माणशी बेचाळीस लिटर होतात आणि बारा धरला तर चौतीससुद्धा होत नाहीत. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी ठरवलेले प्रमाण माणशी दिवसाला ५५ लिटर आहे, म्हणजे दोन्ही हिशेबांनी घर तुटीतच. पण तूट किती, हे हंड्यावर अवलंबून होते आणि त्या मुलाने हंडा मोजलाच नव्हता. त्याने मोजावा असे त्याला आमच्यापैकी कोणी सांगितलेही नव्हते.

त्याच प्रकल्पात पुढे एक वाक्य होते, "विहिरीच्या पाण्याचा टीडीएस ९४० आहे, म्हणून पाणी पिण्यास अयोग्य आहे." रसायनशास्त्राच्या मॅडमनी सांगितले की भारतीय मानकात विरघळलेल्या घन पदार्थांची, म्हणजेच टीडीएसची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम असली, तरी दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर २,००० पर्यंत मुभा आहे. त्यावर राज्यशास्त्राचे सर म्हणाले, "दुसरा स्रोत उपलब्ध नाही, हे ठरवणार कोण?" ग्रामपंचायत, पाणीपुरवठा विभाग की टँकरवाला? पुढचा पाऊण तास आम्ही त्या एका वाक्यावर बोललो. इतकी चांगली बैठक माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत दुसरी झाली नाही. रसायनशास्त्रातल्या आकड्याला एक सामाजिक अट चिकटलेली असते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

त्यातून अभ्यासक्रम बदलला नाही. आम्ही फक्त अर्ध्या पानाचा एक मजकूर तयार केला : कोणत्याही विषयाच्या प्रकल्पात आकडा आला तर तो कोणी, कशाने मोजला आणि एकक काय, हे लिहावे, आणि मानकाचा हवाला दिला तर त्याची अटही लिहावी. हे पान सहाही जणांनी आपापल्या वर्गात दिले आणि अंतर्गत मूल्यमापनात त्याला थोडे गुण ठेवले. तुमच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. पाठ्यक्रम विद्यापीठाचा असला तरी अंतर्गत मूल्यमापन, उदाहरणे आणि प्रकल्पाच्या सूचना बऱ्याच अंशी आपल्याच असतात.

गट कसा संपला तेही सांगते. दुसऱ्या वर्षी वार्षिक अहवालात त्याची नोंद झाली. मग प्रत्येक बैठकीचे जिओटॅग केलेले (ठिकाणाची नोंद असलेले) छायाचित्र, इतिवृत्त आणि उपस्थितीपत्रक मागण्यात आले, सभासद सहाचे एकवीस झाले आणि बोलणे बंद पडले.

तासिका_तत्त्व

वरील दोन्ही लेखन वाचून आनंद झाला, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, म्हणून लिहितो. हे सामायिक विषय आज प्रत्यक्षात शिकवतो कोण? आमच्याकडे तरी ते बहुतांशी माझ्यासारखे तासिका तत्त्वावरचे लोक शिकवतात. मी तीन विषयांना जातो, त्यांपैकी एकच माझ्या पदव्युत्तर विषयाचा आहे. मला घेतलेल्या तासाचे मानधन मिळते, बैठकीचे मिळत नाही, आणि तेही महिनोन्‌महिने उशिरा येते. बुधवारी दुपारी तीन वाजता बैठक ठेवली तर त्या वेळी मी दुसऱ्या महाविद्यालयाच्या वाटेवर एसटीत असतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापकाला व प्राध्यापकाला १४ तास थेट अध्यापन सांगितले आहे, आणि एकूण कार्यभार ४० तासांचा धरला आहे. म्हणजे पूर्णवेळ माणसाच्या आठवड्यात अशा बैठकीला निदान कागदावर तरी जागा आहे. आमच्या आठवड्यात ती कागदावरही नाही. मला यायचे नाही असे नाही. उलट, परका विषय शिकवताना कोणाला तरी विचारण्याची गरज सर्वांत जास्त मलाच असते. पण आम्हाला वगळून केलेला गट सामायिक विषयांचा म्हणता येणार नाही आणि आम्हाला फुकट बोलावून केलेला गट फार दिवस चालणार नाही.

पडवी

मी मूळची सांगलीची. गेली काही वर्षे कॅलिफोर्नियातल्या एका सार्वजनिक दोन वर्षांच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. येथे 'जनरल एज्युकेशन', म्हणजे सर्व शाखांना सामायिक विषय, ही जुनी गोष्ट असल्यामुळे तिची दुखणीही जुनी आहेत, आणि तासिका_तत्त्व यांनी लिहिलेले दुखणे त्यांत पहिले आहे. येथेही हे विषय मोठ्या प्रमाणावर अर्धवेळ शिक्षक शिकवतात. आमच्या गटाला जे थोडे पैसे मिळतात ते प्रथम अर्धवेळ शिक्षकांच्या बैठकीच्या तासांसाठी बाजूला काढायचे, असा आम्ही नियम केला आहे. त्याखेरीज तो गट दोन महिनेही टिकला नसता.

शब्दाविषयी थोडे सांगते, कारण त्याच्या गैरवापरातूनच समित्या जन्माला येतात. 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस' ही कल्पना जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये मांडली, आणि ती महाविद्यालयांच्या अभ्यासातून आलेली नाही. लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवार कसे शिकतात हे पाहिले होते. उमेदवार आधी बटणे लावतो, कडा शिवतो, तयार कपडा हातात घेऊन पाहतो आणि कापायला सर्वांत शेवटी शिकतो. शिकणे म्हणजे काम करणाऱ्यांच्या घोळक्यात कडेने शिरून हळूहळू मध्यभागी येणे, असा त्याचा मथितार्थ. तेव्हा असा गट पत्र काढून स्थापन होत नाही. फार तर त्याला खोली, वेळ आणि चहा देता येतो.

पत्र काढून, वर्षभराचा कार्यक्रम आखून, ठरावीक सभासद घेऊन जो गट चालवतात त्याचे येथे वेगळे नाव आहे, 'फॅकल्टी लर्निंग कम्युनिटी'. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात (फ्लोरिडातले मायामी नव्हे) १९७९ पासून हा प्रकार चालू आहे, आणि तेथील मिल्टन कॉक्स यांनी साधारण आठ ते बारा सभासद असावेत असे सुचवले आहे. लंबक सर, आपल्याकडे पत्र निघालेच आहे, तर आपला गट या दुसऱ्या प्रकारचा आहे हे मान्य करून चालवणे प्रामाणिकपणाचे होईल : सभासद मोजके, मुदत एका वर्षाची, आणि शेवटी हातात काय असेल हे आधीच ठरलेले.

उंबरठा मॅडमनी सांगितलेली युक्ती, म्हणजे विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष लेखन टेबलावर ठेवणे, येथेही सर्वांत उपयोगी ठरते. अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या एका राष्ट्रीय संघटनेने २००९ मध्ये लेखन, चिकित्सक विचार, संख्यात्मक समज वगैरेंसाठी गुणांकनाचे तक्ते प्रसिद्ध केले, आणि वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक एकच निबंध त्या तक्त्यावर तपासून पाहतात. माझा अनुभव असा की तक्त्यातल्या शब्दांपेक्षा गुण न जुळण्यातून अधिक शिकायला मिळते. एका निबंधाला इतिहासाच्या सहकाऱ्याने चारपैकी चार दिले आणि मी दोन. का, हे सांगताना आमच्या दोघांच्याही लक्षात आले की 'पुरावा' या शब्दाचा आमचा अर्थ वेगळा आहे. त्याला मूळ पत्र हवे होते आणि मला नमुन्याचा आकार.

त्रैराशिक

मी गणिताचा माणूस आहे आणि काही वर्षे अभ्यास मंडळावर होतो, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. जोडण्याचा उत्साह मी यापूर्वी एकदा पाहिला आहे. पर्यावरण अभ्यास हा आपल्याकडचा पहिला खराखुरा सर्वांना सक्तीचा सामायिक विषय. सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणविषयक खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये निर्देश दिले, २००३ मध्ये पुन्हा बजावले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा आठ घटकांचा, ५० व्याख्यानांचा अभ्यासक्रम देशभरातल्या पदवीपूर्व वर्गांना लागू झाला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एराक भरुचा यांनी लिहिले. अभ्यासक्रम चांगला होता. जीवशास्त्र, कायदा, लोकसंख्या, ऊर्जा, सगळे त्यात जोडलेले होते आणि आठवा घटक तर पूर्णपणे क्षेत्रभेटीचा होता. प्रत्यक्षात काय झाले? मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी क्षेत्रभेटीचा प्रकल्प महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळत असे आणि विषय ज्याचा तास रिकामा त्याच्याकडे जात असे. जोड कागदावर होती, ती शिकवणारी माणसे मात्र एकमेकांशी बोलत नव्हती. म्हणून गटाची कल्पना मला पटते, पण ती कशासाठी, हे स्पष्ट असावे.

माझी भीती वेगळी आहे. जोडायचेच म्हटले की माणसे काहीही कशालाही जोडतात. भारतीय ज्ञान प्रणालीच्या तासाला आर्यभट, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य ही नावे फळ्यावर येतात आणि एकही उदाहरण सोडवले जात नाही. ज्या नावाने मी येथे लिहितो ते त्रैराशिक, म्हणजे तीन संख्यांवरून चौथी काढण्याची रीत, भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथात आहे आणि वाणिज्यच्या मुलांना ते पाच मिनिटांत सोडवून दाखवता येते, पण तेवढेही होत नाही.

याउलट, जिथे जोड मुळातच आहे तिथे ती हाताने दाखवता येते. चाळीसगावजवळच्या पाटण येथला इ.स. १२०७ चा शिलालेख घ्या. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याला मिळालेल्या दानाचा तो लेख आहे. मुख्य मजकूर संस्कृत आणि शेवटच्या काही ओळी जुन्या मराठीत. त्या ओळींत मठासाठी कोणी काय द्यायचे याचा व्यवहारी तपशील येतो. म्हणजे मराठीच्या प्राध्यापकाला भाषा, इतिहासाच्या प्राध्यापकाला यादवकाळ, वाणिज्यच्या माणसाला शिक्षणसंस्थेच्या खर्चाची तजवीज आणि मला ग्रंथांतले गणित, असे चौघांनाही त्यात खरे काम आहे. कोणालाही ओढूनताणून काही आणावे लागत नाही. माझे म्हणणे एवढेच की वर्षाला अशा दोन जोडण्या पुरेत. बाकीचे तास ज्याने त्याने आपला विषय नीट शिकवावा. दोन श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) विषयात एकूण तीसच तास असतात, हे विसरून चालणार नाही.

उंबरठा

त्रैराशिक सरांशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त 'ज्याने त्याने आपला विषय' हे वाक्य तासिका_तत्त्व यांच्या बाबतीत लागू पडत नाही, कारण तिनांपैकी दोन विषय त्यांचे नाहीतच. गटाचा सर्वांत मोठा उपयोग त्यांना आहे आणि त्यासाठी बैठकही लागत नाही. रसायनशास्त्राच्या मॅडमनी आमच्यातल्या अशाच एका तरुण शिक्षकाला आपल्या वर्गात मागच्या बाकावर दोन तास बसू दिले, आणि नंतर त्या स्वतः त्याच्या वर्गात बसल्या. वर्षभरातल्या सगळ्या इतिवृत्तांपेक्षा ते दोन तास त्याला अधिक कामी आले, असे तो अजूनही सांगतो.

लंबक

सर्वांचे मनापासून आभार. आज मी अर्थशास्त्राच्या मॅडमना मार्शल यांची गोष्ट सांगितली. त्या हसून म्हणाल्या, "ते मला माहीत आहे, पण तुम्ही कधी विचारलेच नाही." मग त्यांनी उलट मला विचारले की स्थितिस्थापकतेचा प्रयोग करताना तुमच्या काही पुस्तकांत भार उभ्या अक्षावर आणि लांबीतली वाढ आडव्या अक्षावर का असते, भार तर तुम्हीच बदलता ना? हे खरे आहे. हूकच्या नियमाच्या (लांबीतली वाढ भाराच्या प्रमाणात होते, या नियमाच्या) आलेखात स्थिरांक सरळ चढावरून वाचता यावा म्हणून आम्हीच आमचा नियम मोडतो, आणि हे मी वर्गात कधी बोललो नव्हतो.

प्राचार्यांशी बोलून एवढे ठरले आहे की गट आठ जणांचा राहील, त्यांत तासिका तत्त्वावरचे तीन, आणि बैठक सकाळच्या सत्रात त्यांच्या तासाला लागूनच होईल. मानधनाविषयी संस्थेकडे पत्र पाठवतो असे ते म्हणाले. पत्राचे काय होईल सांगता येत नाही, म्हणून तोपर्यंत बैठका महिन्याला एकच आणि एका तासाच्या. छायाचित्र सत्राच्या शेवटी एकदाच काढू, अशी सवलत मागून घेतली आहे.

पहिल्या बैठकीला मी गेल्या सत्रातल्या दहा उत्तरपत्रिका नेणार आहे, नावे झाकून, अक्ष उलटे म्हणून मीच लाल शाईने खुणा केलेल्या. कापलेले गुण आता परत देता येत नाहीत, निकाल लागून ती मुले पुढच्या वर्गात गेली आहेत. त्यांच्यापैकी दोघी मात्र अजून माझ्याकडे येतात. त्यांना बोलावून आकृती पुन्हा काढायला सांगावी का, की मॅडमनाच त्यांच्या वर्गात पाच मिनिटे मागावीत, एवढे अजून ठरत नाही.